वेग ट्रॅकवर जावा असं वाटत असेल, तर छोट्या ट्रेलरला रस्ता द्या

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर रात्री गाड्या पळवणाऱ्या मुलांबद्दल गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका वाचकभगिनींचं पत्र आलं होतं. त्यांचे यजमान रात्रपाळीहून घरी येताना थोडक्यात वाचले, हे वाचून अंगावर काटा आला. त्यांच्या रागाशी मी पूर्ण सहमत आहे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणाऱ्याची गाडी जप्त झाली तर मला जराही वाईट वाटणार नाही. पण पत्राच्या शेवटी त्यांनी म्हटलं आहे की असल्या गाड्या विकायलाच बंदी हवी आणि ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्या आईबापांना जाब विचारायला हवा. माझ्या घरी अशी गाडी आहे. म्हणून हे पत्र लिहितो आहे.

माझं वय 63. पोलोग्राउंडला माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. दोन वेल्डिंग मशीन, एक जुनं लेथ आणि तीन कामगार. वडील हुकुमचंद मिलमध्ये फिटर होते, त्यामुळे पाने-पक्कड हातात घेऊनच मोठा झालो. माझी धाकटी लेक दातांची डॉक्टर आहे. चार वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या कमाईतून एक वापरलेली स्पोर्ट्स कार घेतली. दोन सीटांची, मागच्या चाकांवर चालणारी, इतकी बुटकी की तिच्यात बसताना माझे गुडघे कुरकुरतात. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच जाहिरात होईल. गाडी दारात उभी राहिली तेव्हा तिची आई आठवडाभर तिच्याशी नीट बोलली नाही. मी एकच अट घातली: वेग काढायचा तो ट्रॅकवर, रस्त्यावर कधीही नाही. लेकीने ती अट आजपर्यंत पाळली आहे. ती पाळणं तिला सोपं जावं म्हणून मी एक ट्रेलर बनवला, आणि मला जे सांगायचं आहे ते त्या ट्रेलरबद्दलच आहे.

आधी ट्रॅक डे म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्याकडे बहुतेकांना ती शर्यत वाटते. ती शर्यत नसते. तिथे पहिला-दुसरा नंबर नाही, बक्षीस नाही. सकाळी सगळ्यांना एकत्र बसवून झेंड्यांचे अर्थ समजावतात: पिवळा दिसला की सावध व्हायचं आणि ओव्हरटेक करायचं नाही, लाल दिसला की सत्र थांबलं, निळा दिसला की मागून वेगवान गाडी येते आहे. मग गाडीची तपासणी होते. हेल्मेट पाहतात, चाकांचे बोल्ट पाहतात, गाडीत सुटी वस्तू एकही ठेवू देत नाहीत, अगदी पाण्याची बाटलीसुद्धा. अनुभवाप्रमाणे गट पाडतात. एकेक सत्र पंधरा-वीस मिनिटांचं. ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर, तेही पुढच्याने हाताने खूण केली तरच. समोरून ट्रक येत नाही, गाय आडवी येत नाही, कुणाचे यजमान रात्रपाळीहून घरी येत नसतात. चुकलं तर बाजूला मोकळी जागा असते, आणि रुग्णवाहिका उभी असते.

मात्र असे ट्रॅक देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला एक, कोइंबतूरला करी मोटर स्पीडवे, आणि ग्रेटर नोएडाचं 5.125 किलोमीटरचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, जिथे 2011 ते 2013 अशी तीन वर्षं फॉर्म्युला वनची शर्यत झाली. आम्हा इंदूरवाल्यांना त्यातलं बुद्धच सोयीचं. सोयीचं म्हणजे तरी आठशेच्या आसपास किलोमीटर: आग्रा-मुंबई रस्त्याने देवास, ब्यावरा, गुना, शिवपुरी, ग्वाल्हेर, पुढे चंबळ ओलांडून धौलपूर, आग्रा, आणि तिथून 165 किलोमीटर यमुना एक्स्प्रेसवे. ग्वाल्हेरला लष्कर या भागात माझी आत्तेबहीण राहते, त्यामुळे रात्रीचा मुक्काम घरचाच.

पहिल्या वेळी लेक गाडी जशी होती तशीच घेऊन गेली. मीही सोबत होतो. तिसऱ्या सत्रात ब्रेकचं पेडल एकदम मऊ पडलं आणि तळाला गेलं. तिने पेडल दोन-तीनदा दाबून दाब परत आणला, गाडी मोकळ्या जागेत उतरवली आणि थांबवली. कारण साधं होतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट 4 प्रतीचं ताजं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषलेल्या ऑइलसाठी हाच आकडा 155 आहे. रस्त्यावर ते जुनं ऑइल वर्षानुवर्षं खपून गेलं असतं. ट्रॅकवर पंधरा मिनिटांत त्यात वाफेचे बुडबुडे झाले. म्हणून पुढच्या वेळी ताजं ऑइल, ट्रॅकचे वेगळे ब्रेक पॅड आणि सेमी-स्लिक टायर, अशी तयारी केली.

खरी अडचण टायरांचीच आहे. सेमी-स्लिकचं रबर मऊ आणि चिकट, त्यावर नक्षी नावालाच. कोरड्या, तापलेल्या ट्रॅकवर ते गाडीला घट्ट धरून ठेवतात. पण रस्त्यावर पाणी असेल तर ते पाणी बाजूला सारायला त्यांच्यावर खोबणी जवळजवळ नसतेच. हे टायर वेगळे न्यायचे कसे? दोन सीटांच्या गाडीच्या डिकीत दोन सुटकेस मावतात, 18 इंची चार चाकं कुठून मावणार? दुसऱ्या वेळी म्हणून लेकीने सेमी-स्लिक इंदूरहूनच गाडीला चढवले. ब्यावऱ्याच्या पुढे मावठ्याचा पाऊस लागला. वेग फार तर 70 असेल. रस्त्याच्या सखल भागात पाणी साचलं होतं, त्यावर गाडी आली आणि स्टिअरिंग हातात असूनही नसल्यासारखं झालं. शेजारच्या सीटवर मी होतो. सेकंद-दीड सेकंद गाडी पाण्यावर तरंगत डावीकडे सरकली आणि पुन्हा रस्त्याला लागली. डावीकडून एक मोटरसायकलवाला जात होता. त्याच्या मागे बाई बसलेली, बाईच्या मांडीवर मूल. आम्ही गाडी कडेला घेतली आणि पाऊस थांबेपर्यंत अर्धा तास दोघंही गप्प बसून राहिलो.

त्या अर्ध्या तासात ट्रेलर करायचं ठरलं. गाडीने रस्त्याच्या टायरवर, बेताच्या वेगाने जावं, ट्रॅकची चाकं आणि अवजारं मागे छोट्या ट्रेलरमध्ये असावीत, तिथे पोचून चाकं बदलावीत आणि संध्याकाळी पुन्हा बदलून घरी यावं. परदेशात अनेक हौशी लोक हेच करतात. मोठ्या ट्रकवर गाडी चढवून नेणं ज्यांना परवडतं त्यांनी खुशाल न्यावी. महिना-महिना बचत करून वर्षातून दोनदा ट्रॅकवर जाणाऱ्या मुला-मुलींना तो खर्च झेपत नाही.

ट्रेलर मी स्वतः बनवला, त्यामुळे त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो. माझ्याच व्यवसायातले लोक हे पत्र वाचत असतील तर त्यांना उपयोग होईल. सांगाडा 40 बाय 40 च्या चौकोनी पाइपचा, जाडी 3 मिलीमीटर. त्यावर प्लायवूडचा तळ आणि पत्र्याची झाकणाची पेटी. चाकं मारुती 800 ची, 12 इंची. हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, आणि बेअरिंगही तिचीच. अनेकांनी सुचवलं की 8 इंची चाकं लाव, स्वस्त पडतील, दिसायलाही नाजूक दिसतील. मी ऐकलं नाही. चाक जितकं लहान तितके त्याचे फेरे जास्त. ताशी 80 च्या वेगाला मारुतीचं चाक मिनिटाला सव्वाआठशे फेरे घेतं, 8 इंची चाक हजारावर घेतं, आणि जास्तीचे फेरे म्हणजे बेअरिंगला जास्तीची उष्णता. शिवाय मारुतीचा टायर ब्यावऱ्यातही मिळतो आणि धौलपूरलाही. यमुना एक्स्प्रेसवे सिमेंटचा आहे, उन्हाळ्यात तिथे टायर फुटण्याचे अपघात होतात, हे सगळ्यांना माहीत आहे. दर थांब्याला दोन्ही हबना हात लावून बघायचा हा आमचा नियम: हात ठेवता आला तर ठीक, चटका बसला तर तिथेच मुक्काम.

रिकामा ट्रेलर 95 किलो. चार चाकं 85 किलो, जॅक 14, दोन स्टँड 8, पाने, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळायचा पाना) वगैरे 18. सगळं मिळून 220 किलो, म्हणजे तीन माणसांइतकं वजन. पेट्रोलचा डबा त्यात कधीही ठेवायचा नाही.

आता माझी चूक सांगतो, कारण ती दुसऱ्या कुणाकडून व्हायला नको. पहिली चाचणी बायपासवर घेतली, पहाटे पाचला, रस्ता मोकळा असताना. चाकं पेटीत मागच्या बाजूला उभी ठेवली होती, काढायला सोपी पडतात म्हणून. जॅकही मागेच. 60 पर्यंत काही नाही. 70 च्या पुढे गेल्यावर ट्रेलर आधी हलका डोलला, मग प्रत्येक डोल आधीच्यापेक्षा मोठा होत गेला आणि बघता बघता तो गाडीचं शेपूट धरून डावी-उजवीकडे ओढायला लागला. ट्रॅकवर शिकलेलं लेकीच्या उपयोगी पडलं. तिने ब्रेकला पाय लावला नाही, स्टिअरिंग उलट-सुलट फिरवलं नाही. फक्त अ‍ॅक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि गाडीला तिच्या तिच्या वेगाने मंद होऊ दिलं. पन्नासच्या खाली आल्यावर ट्रेलर शांत झाला. तिथे मी ब्रेक दाबला असता आणि ट्रेलरने गाडीला आडवं केलं असतं.

जुन्या बैलगाडीवाल्याला यातलं काहीच नवं वाटणार नाही. माल चाकांच्या मागे गेला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. ट्रेलरचंही तेच. पुढच्या टोकाचा थोडा भार गाडीवर असायलाच हवा. एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के. घरातला वजनकाटा आणून कपलरखाली, म्हणजे ट्रेलर गाडीला जिथे अडकतो त्या जोडाखाली, लाकडी ठोकळा उभा करून मोजलं, तर भार जेमतेम 3 किलो भरला. मग सगळी मांडणी बदलली. चाकं अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे आडवी, जॅक अगदी पुढे. ट्रेलरचा पुढचा दांडा 90 सेंटिमीटरचा होता तो जोड देऊन दीड मीटरचा केला, कारण आखूड दांड्याचा ट्रेलर लवकर डोलतो आणि मागे घेताना डोळ्याचं पातं लवेपर्यंत मुडपतो. आता टोकावर 20 किलो येतात. त्यानंतर ट्रेलर कधी डोलला नाही. तरीही आम्ही 80 च्या वर जात नाही.

बाकीचं थोडक्यात. कपलर निसटलाच तर दांडा रस्त्यात रुतू नये म्हणून खाली दोन साखळ्या, एकमेकींवर तिरक्या. मागे ब्रेकचे दिवे, इंडिकेटर, नंबराचा दिवा, लाल रिफ्लेक्टर. हल्लीच्या गाडीचा संगणक फार हळवा असतो. दिव्यांच्या तारा सरळ जोडल्या की बल्ब गेल्याची सूचना देत बसतो. म्हणून बॅटरीवरून वेगळी तार आणि मध्ये रिले बसवला. गाडी बुटकी असल्यामुळे आरशात ट्रेलर दिसतच नाही, म्हणून पेटीच्या दोन कोपऱ्यांवर लाल फीत बांधलेल्या दोन काठ्या.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही असे गेलो आणि आलो. सकाळी पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या तयार करायच्या जागेत, ट्रेलर सोडवला, हाताने ढकलून कडेला लावला. बापलेकीने पाऊण तासात चारही चाकं बदलली. प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने 120 न्यूटन-मीटरला आवळला आणि पहिल्या सत्रानंतर पुन्हा तपासला. दिवसभर ती मनसोक्त गाडी चालवत होती आणि मी भिंतीपाशी उभा राहून बघत होतो. संध्याकाळी चाकं पुन्हा बदलली. परतीच्या वाटेवर ती इतकी शांतपणे चालवत होती की ट्रकवालेही आम्हाला मागे टाकून पुढे जात होते. वेगाची तहान भागलेली असते तेव्हा रस्त्यावर घाई करावीशी वाटत नाही, असं ती म्हणाली. सुपर कॉरिडॉरवरच्या प्रत्येक मुलाला वर्षातून एक तरी असा दिवस मिळावा असं मला मनापासून वाटतं.

एका टोलनाक्यावर मात्र गाडी पुढे गेली आणि टोलचा आडवा दांडा ट्रेलरवर खाली आला. गाडीच्या मागे आणखी काही जोडलेलं असेल हे तिथल्या यंत्राच्या गावीही नव्हतं. आणि परत येताना गुन्याच्या अलीकडे पोलिसांनी थांबवलं.

ज्या अधिकाऱ्याने थांबवलं तो तरुण होता आणि अतिशय सभ्य. त्याने ट्रेलरला फेरी मारली, दिवे लावून बघितले, साखळ्या बघितल्या, कामाचं कौतुक केलं. मग विचारलं, "काका, याचं रजिस्ट्रेशन?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाडीला मागे जोडलेली पेटी म्हणजे गाडीचंच सामान, असा माझा समज होता. त्याने सांगितलं की मोटार वाहन कायदा, 1988 प्रमाणे ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे. घरी येऊन कायदा वाचला, त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं. कलम 2 मधल्या मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलर येतो. कलम 61 म्हणतं की त्याची नोंदणी इतर वाहनांसारखीच व्हायला हवी, नोंदणीचा नंबर त्याच्या बाजूला हवा आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही त्यावर हवा. म्हणजे बायपासवरची चाचणी आणि ग्रेटर नोएडाची ती फेरी, दोन्ही आम्ही कायद्याच्या बाहेर केल्या. दंड तिथेच भरला आणि चूक इथे सगळ्यांसमोर कबूल करतो. त्या दिवसापासून ट्रेलर रस्त्यावर आलेला नाही.

मग मी नोंदणी करायला निघालो. परिवहन खात्याच्या एका कार्यालयात तीन चकरा मारल्या. पहिल्या खिडकीवर विचारलं, "ट्रॅक्टरची ट्रॉली आहे का?" नाही म्हटलं. "मग ट्रकचा?" तोही नाही. कारचा आहे म्हटल्यावर पुढच्या खिडकीवर पाठवलं. तिथे विक्रीचा दाखला मागितला, कुठल्या डीलरचा ते विचारलं. मीच बनवला आहे म्हटलं. मग बनवणाऱ्याचा रस्त्यालायकीचा दाखला मागितला, आणि तो मान्यताप्राप्त संस्थेने नमुना तपासल्याशिवाय देता येत नाही. नमुना तपासून घेणं मोठ्या कारखान्याला जमतं, त्याला हजारो गाड्या विकायच्या असतात. एक ट्रेलर बनवणाऱ्या माणसाने काय करायचं, हे मी तिसऱ्या चकरेत विचारलं. तिथले वयस्कर कारकून भले गृहस्थ होते. म्हणाले, "साहेब, असा अर्ज माझ्या नोकरीत आलाच नाही, तर उत्तर कुठून देऊ?" नकार लेखी द्या म्हटलं, तोही मिळाला नाही.

त्या कारकुनांवर माझा राग नाही. नियमामागचा विचारही मला मान्य आहे. मी स्वतः उलाळ झालेल्या ट्रेलरच्या पुढे बसलो आहे; कुणीही उठून वेल्डिंग करावं आणि ते रस्त्यावर आणावं असं मी कधीच म्हणणार नाही. तपासणी व्हायलाच हवी. माझी तक्रार एवढीच की ती तपासणी करून घ्यायला छोट्या माणसासाठी दारच नाही.

दुसरीकडे रोज काय चालतं ते बघा. सोयाबीनचा आणि गव्हाचा हंगाम आला की देवास रस्त्यावर, उज्जैन रस्त्यावर संध्याकाळनंतर ट्रॉल्यांची रांग लागते. कित्येकांना मागे एकही दिवा नसतो. रिफ्लेक्टर असला तर चिखलाने झाकलेला. समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यांवर असताना पुढे अंधारात उभी असलेली ट्रॉली दिसते ती अगदी दहा हातांवर आल्यावर. शेतकऱ्याला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्याचं पोट त्या ट्रॉलीवर आहे, आणि माझ्याही पोटाचा काही भाग तिच्यावर आहे, कारण तुटलेले हुक आणि वाकलेले दांडे जोडून घ्यायला या ट्रॉल्या माझ्याकडे येतात. माझ्या वर्कशॉपमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीच्या मागे मी लाल चमकती पट्टी चिकटवतो. तिचे पैसे कधी घेतले नाहीत. मात्र टनांचा माल घेऊन बिनदिव्याची ट्रॉली आग्रा-मुंबई रस्त्यावरून निघून जाते आणि सगळे दिवे, साखळ्या, रिफ्लेक्टर असलेला 220 किलोचा ट्रेलर मात्र पोलोग्राउंडमध्ये ताडपत्रीखाली उभा राहतो, हे मला सहन होत नाही.

ब्रिटनमध्ये घरगुती वापराच्या अशा लहान ट्रेलरची वेगळी नोंदणी करावी लागत नाही. ओढणाऱ्या गाडीच्याच नंबराची पाटी मागे लावतात. युरोपात 750 किलोपर्यंतच्या ट्रेलरचा ओ1 नावाचा वेगळा वर्ग आहे आणि त्याला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतं. आपण तेच जसंच्या तसं उचलावं असं नाही. आपले रस्ते वेगळे, उतार वेगळे. पण लहान ट्रेलर आणि चाळीस फुटी ट्रेलर यांना एकाच मापाने मोजायचं नाही, एवढं तरी तिथून घेता येईल.

आणि हे आपल्या राज्यात सहज होऊ शकतं. इंदूरहून तासा-सव्वा तासावर पीथमपूरला नॅट्रॅक्स आहे. 29 जून 2021 रोजी तिथल्या 11.3 किलोमीटरच्या हाय स्पीड ट्रॅकचं उद्घाटन तेव्हाचे केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांनी केलं. गाड्या तपासण्यासाठीच उभारलेली ती जागा आहे. ट्रॅक्टरची परीक्षा घेणारी केंद्र सरकारची संस्था बुदनीला आहे, तीही मध्य प्रदेशातच. अशा संस्थांपैकी एखादीने छोट्या ट्रेलरचा एक मान्य आराखडा काढून द्यावा: कुठला पाइप, कुठला कपलर, किती दिवे, दांडा किती लांब, टोकावर भार किती. कुठल्याही गावच्या फॅब्रिकेटरला त्या बरहुकूम ट्रेलर बनवता येईल आणि परिवहन कार्यालयाला फक्त तो आराखड्याप्रमाणे आहे का एवढंच बघावं लागेल. ज्याला स्वतःच्या आराखड्याने बनवायचा आहे त्याला एकच ट्रेलर तपासून घेण्याची सोय असावी. ठरलेली फी, ठरलेला दिवस. कुठली कार किती ओढू शकते तेही त्यातच लिहून द्यावं, कारण अनेक स्पोर्ट्स कारच्या पुस्तिकेत त्याबद्दल अवाक्षर नसतं आणि मग माझ्यासारख्याला स्वतःच्या अंदाजावर विसंबावं लागतं. ते मला आवडत नाही.

विम्याचंही तसंच आहे. खासगी गाडीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, ते योग्यच आहे. ट्रॅकवर जे होईल ते आमच्या जबाबदारीवर. त्याच पॉलिसीत मालवाहतूकही वगळलेली असते, पण स्वतःचं सामान चालतं. माझ्या लेकीची चार चाकं हे तिचं स्वतःचं सामान. ट्रेलरची नोंदणी झाली तर वाटेतल्या अपघातासाठी त्याचा रीतसर विमा काढता येईल, आणि आमच्यामुळे तिसऱ्याच माणसाचं नुकसान झालं तर त्याला भरपाई मिळेल. हे मला आमच्या सोयीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. ब्यावऱ्याजवळचा तो मोटरसायकलवाला आणि ती बाई माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाहीत.

येत्या हिवाळ्यात लेकीला पुन्हा जायचं आहे. या वेळी चाकं वाहतूक कंपनीकडून आग्र्यापर्यंत पाठवावीत आणि तिथून भाड्याच्या टेम्पोने न्यावीत असा बेत चालला आहे. चाकं वेळेवर पोचली तर ठीक. नाही पोचली तर तिने ट्रॅकवर न उतरता परत यावं, असं आमचं ठरलं आहे. सेमी-स्लिक घालून ती इंदूरहून निघणार नाही, हे मी तिला सांगितलं आहे.

परिवहन खात्यातल्या किंवा पीथमपूरच्या कुणा जबाबदार अधिकाऱ्याच्या वाचनात हे पत्र आलं, तर त्यांनी एकदा पोलोग्राउंडला यावं. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे. रविवार सोडून कुठल्याही दिवशी दहा ते सहा मी वर्कशॉपमध्ये असतो. ताडपत्री काढून ट्रेलर दाखवीन, दिवे लावून दाखवीन, कपलरखाली वजनकाटा ठेवून भार मोजून दाखवीन, आणि त्यांनी जिथे बोट ठेवलं तिथे त्यांच्यासमोर कापून पुन्हा जोडून देईन.

आपला नम्र,
एक वाचक,
पोलोग्राउंड, इंदूर